चूक ऑपरेटरची होती. पण ती घडू शकली कशी?

लोटे-परशुराम, महाड किंवा रोह्याच्या एमआयडीसीत स्फोट होतो, एखादी मच्छीमार बोट खडकावर चढते, घाटात एखादी गाडी दरीत जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ठरलेले वाक्य छापून येते : 'प्राथमिक चौकशीत मानवी चुकीमुळे दुर्घटना घडल्याचे समजते.' हे वाक्य वाचून बहुतेकांचे समाधान होते. कोणी तरी निलंबित होतो, कोणावर तरी गुन्हा दाखल होतो, वारसांना मदत जाहीर होते आणि विषय मिटतो. काही आठवड्यांनी कारखाना पुन्हा सुरू होतो तेव्हा तोच रिॲक्टर (रसायनांची अभिक्रिया घडवण्याचे बंद भांडे) असतो, शेजारीशेजारी बसवलेले तेच दोन सारखे व्हॉल्व्ह असतात आणि तीच लांबलेली रात्रपाळी असते. बदललेला असतो तो फक्त माणूस.

दुसऱ्या महायुद्धापासून आजपर्यंत विमानोड्डाण, रेल्वे, रसायन उद्योग आणि शस्त्रक्रिया या क्षेत्रांतील अपघातांचा जो अभ्यास झाला, त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. माणूस चुकला, हे निदान बहुधा खरेच असते. परंतु चौकशी तिथे थांबली तर पुढचा अपघात टळत नाही. ती चूक करणे इतके सोपे का होते, आणि ती झाल्यावर तिला अडवणारे मध्ये काहीच कसे नव्हते, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हाती काही लागत नाही. ज्या कामात क्षणाच्या चुकीने जीव जाऊ शकतो, त्याला या लेखात 'जोखमीचे काम' म्हटले आहे. कोकणात असे काम करणारी माणसे घरोघरी आहेत : कारखान्यातले ऑपरेटर, लोको पायलट, एसटीचे चालक, तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) आणि खलाशी, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका.

सगळ्या चुका एका जातीच्या नसतात

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकांची जी विभागणी केली, ती आज जगभर वापरली जाते आणि समजायला अजिबात अवघड नाही. पहिला प्रकार हात चुकण्याचा. करायचे काय ते मनात बरोबर असते, पण तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायला गेलेला हात शेजारचा चार नंबर फिरवतो. दुसरा प्रकार विसर पडण्याचा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाइपात बसवलेली बंद चकती काम संपल्यावर काढायची राहून जाते. तिसरा प्रकार समजुतीच्या चुकीचा. माणूस ठरवतो तसेच करतो, पण ठरवलेलेच चुकीचे असते, कारण समोर काय चालले आहे याचा अंदाजच फसलेला असतो. चौथा प्रकार जाणूनबुजून नियम मोडण्याचा; टाकीत उतरण्यापूर्वी आतली हवा तपासायची असते, पण पाच मिनिटांचे तर काम आहे म्हणून तसेच उतरले जाते.

ही विभागणी केवळ पुस्तकी नाही, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. हात चुकतो त्याला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवणे व्यर्थ आहे, कारण त्याला काम येतेच. समजुतीची चूक प्रशिक्षणाने कमी होते. विसर आठवण करून देणाऱ्या खुणेने कमी होतो. नियम एखाद्यानेच मोडला तर त्या माणसाकडे पाहावे, पण सगळेच मोडत असतील तर नियमाकडे पाहावे लागते. मासेमारी करताना लाइफ जॅकेट घालण्याचा नियम सर्वांना ठाऊक आहे, तरी जाळे ओढणाऱ्या खलाशाच्या अंगावर ते क्वचित दिसते. जाड, फुगीर जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, ते जाळ्यात अडकते आणि उन्हात अंग भाजून निघते. तिथे दंड वाढवण्यापेक्षा काम करताना अंगावर राहू शकेल असे पातळ, पाण्यात पडल्यावर फुगणारे जॅकेट पुरवणे अधिक उपयोगी ठरते.

एक रिॲक्टर आणि रात्रपाळीचे तीन वाजलेले

हे सगळे जवळून पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातले रसायनशास्त्र मात्र खरे आहे आणि अशा प्रकारचे अपघात जगभर नोंदले गेले आहेत.

समजा, एका रिॲक्टरमध्ये एक द्रव भरलेला आहे आणि त्यात दुसरा द्रव चार तास थेंबाथेंबाने सोडायचा आहे. दोन्ही द्रवांच्या अभिक्रियेतून उष्णता निघते. ती काढून घेण्यासाठी रिॲक्टरच्या भोवतालच्या जॅकेटमधून, म्हणजे पोकळ आवरणातून, थंड पाणी फिरते आणि आत ॲजिटेटर, म्हणजे ढवळणारा पंखा, अखंड चालू असतो. रात्री तीनच्या सुमारास ऑपरेटर नमुना काढण्यासाठी ॲजिटेटर बंद करतो. त्याच वेळी शेजारच्या रिॲक्टरचा अलार्म वाजतो, कारण आज एक सहकारी आलेला नाही आणि दोन्ही रिॲक्टर एकाच माणसाकडे आहेत. तो तिकडे धावतो, परत येतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. ॲजिटेटर सुरू करायचा राहतो. वर सांगितलेल्या चारांपैकी हा दुसरा प्रकार, निव्वळ विसर.

आता आत काय होते ते पाहण्यासारखे आहे. दुसरा द्रव येतच राहतो, पण ढवळले जात नसल्यामुळे तो पहिल्यात मिसळत नाही. वेगळा थर धरून साचतो. अभिक्रिया जवळजवळ थांबते, म्हणून तापमान वाढत नाही, उलट किंचित उतरते. म्हणजे तापमापकाकडे पाहणाऱ्याला सारे काही नेहमीपेक्षाही शांत दिसते. तासाभराने ऑपरेटरच्या लक्षात येते की पंखा बंद आहे. अशा वेळी जगातला कोणताही माणूस जे करील तेच तो करतो : बटण दाबून पंखा सुरू करतो. तासभर साचलेला सगळा द्रव एका दमात मिसळतो, तासाभरात निघायची ती उष्णता काही मिनिटांत निघू लागते, जॅकेटमधल्या पाण्याला ती आवरत नाही, तापमान चढते तशी अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि दाब वाढत जातो. याला कारखान्यात 'रनअवे' म्हणतात. घात विसरण्याने झाला नाही, विसर दुरुस्त करण्याच्या प्रामाणिक प्रयत्नाने झाला. खरे तर त्या क्षणी आधी दुसऱ्या द्रवाचा पुरवठा बंद करायचा, पंख्याला हात लावायचा नाही आणि जाणकाराला बोलवायचे, असा शिरस्ता असायला हवा होता.

चौकशी अहवालात 'ऑपरेटरने ॲजिटेटर चुकीच्या वेळी सुरू केला' असे लिहिले तर ते खोटे ठरणार नाही. पण पंखा थांबला की द्रवाचा पंप आपोआप बंद पडेल अशी जोडणी का नव्हती? (अशा जोडणीला 'इंटरलॉक' म्हणतात, आणि ती काही दुर्मीळ गोष्ट नाही.) नमुना पंखा चालू ठेवून काढता येईल अशी सोय का नव्हती? एक माणूस आला नाही तर एक रिॲक्टर बंद ठेवावा, हे कोणी ठरवायचे होते? पंखा बंद राहिल्यास काय करावे, हे त्याला कधी कोणी शिकवले होते का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिवसाउजेडी, खुर्चीत बसून, घाई नसताना घेतलेल्या कोणा ना कोणाच्या निर्णयाशी जाऊन पोचते. रीझन अशा निर्णयांना 'सुप्त दोष' म्हणतो. ते वर्षानुवर्षे निपचित पडून असतात. रात्री तीन वाजता ऑपरेटर त्यांवर पाय देतो इतकेच.

'वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस चुकेलच कसा?'

हा आक्षेप हमखास येतो. हात चुकणे आणि विसर पडणे हे दोन प्रकार नवख्यापेक्षा अनुभवी माणसाच्या वाट्याला अधिक येतात, कारण त्याचे काम हातात बसलेले असते. नवखा प्रत्येक पायरीला विचार करतो, अनुभवी माणसाचे हात आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे मोकळे असते. याच मोकळेपणामुळे तो जलद आणि सफाईने काम करतो, आणि याचमुळे कधी तरी सवयीचा हात भलत्या ठिकाणी जातो. या दोन्ही गोष्टी एकाच क्षमतेच्या दोन बाजू असल्याने 'लक्ष देऊन काम करा' हा फलक भिंतीवर कितीही मोठ्या अक्षरांत लावला तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही.

हिशेबही समजून घ्यावा. एखादा कामगार हजारातल्या ९९९ कृती अचूक करतो असे धरू. एवढी अचूकता कोणाच्याही घरी कौतुकाची ठरेल. एका पाळीत त्याच्या २०० कृती होतात आणि कारखान्यात असे ३० जण आहेत, तर एका पाळीत ६,००० कृती आणि त्यांत सरासरी ६ चुका होणार. त्या रोज होतात. बहुतेक निरुपद्रवी असतात किंवा लगेच सुधारल्या जातात, म्हणून दिसत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक पंखांचे फ्लॅप (उतरताना पंखांमागे पसरायच्या पट्ट्या) मिटवायला जात आणि चाके मिटवत. वैमानिक निष्काळजी आहेत असेच सर्वांना वाटत होते. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिले तेव्हा दोन्ही कामांच्या कळा शेजारीशेजारी आणि हुबेहूब सारख्या आढळल्या. त्याने चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीचा आकार बसवण्याचा उपाय सुचवला, म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळावा. कळांना असे ओळखीचे आकार देण्याची पद्धत विमानांत आजही पाळली जाते.

मग अपघात रोज का होत नाहीत?

कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. एक कौल तडकले म्हणून लगेच घरात पाणी येत नाही. वरच्या ओळीतले कौल त्यावर चढलेले असते, वाऱ्याची दिशा वेगळी असते, खालची रीप शाबूत असते. वरचे कौल सरकलेले, खालचे तडकलेले, रीप कुजलेली आणि पाऊस नेमका त्याच बाजूने झोडपणारा, असे सगळे एका रेषेत आले की मग मध्यरात्री अंथरुणावर धार लागते. जोखमीच्या कामातही संरक्षणाचे असेच थर एकावर एक चढवलेले असतात आणि प्रत्येक थराला कुठे ना कुठे भोक असते. रीझनने हीच कल्पना भोके असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक ठेवून मांडली होती. भोके एका रेषेत आली की अपघात होतो.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले यावर वाद झाले, पण पुढचे थर कोणत्या अवस्थेत होते यावर फारसा वाद नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा पाइपाच्या दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा पुरी सज्ज नव्हती, आणि असती तरी एवढ्या वायूपुढे तोकडी पडली असती. त्या रात्री कोणी काय केले, यापेक्षा हे थर एकेक करून कसे गळत गेले आणि त्या प्रत्येक वेळी कोणाला काहीच कसे वाटले नाही, हा प्रश्न मला तरी अधिक भीतिदायक वाटतो.

कोकणच्या स्मरणातली रामदास बोटही या दृष्टीने पुन्हा पाहावी. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. लाटेने ती कलंडली हे खरे; पण तिच्यावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे ती बुडाल्याची बातमी किनाऱ्यावर पोचायलाच काही तास गेले.

कोकण रेल्वेने चालकाला 'नीट बघ' असे सांगितले नाही

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून पूर्णपणे सुरू झाला. डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंगमधून तो जातो आणि पावसाळ्यात त्या कटिंगच्या भिंती सुटतात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्षही पुरे होत नाही तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या दगडांवर आदळून पुन्हा बळी गेले.

रात्रीच्या मुसळधार पावसात वळणापुढचे काय दिसणार, हे या मार्गावर प्रवास केलेल्या कोणालाही विचारावे. वेगातल्या गाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात आणि इंजिनाच्या दिव्यात दिसणारे अंतर त्याहून कमी असते. दरड दिसली तेव्हा ब्रेक लावूनही उपयोग नसतो. अशा ठिकाणी चालकाला अधिक दक्ष राहण्याचा आदेश काढणे ही कागदी घोडे नाचवण्याची उत्तम सोय झाली असती.

कोकण रेल्वेने परिस्थिती बदलली. सैल डोंगरउतारांवर जाळ्या बसवल्या, उतार मोकळे केले, धोक्याच्या जागी पावसाळाभर चोवीस तास गस्त ठेवली. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक बसवले. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा बसवली. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जाऊ लागला. मुसळधार पावसात दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेग ठेवायचा नाही, असा नियम आहे. वेग निम्मा केला की थांबायचे अंतर साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. दक्षतेच्या कोणत्याही आदेशाने एवढा फरक पडत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो भाग मात्र यंत्रांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत या मार्गावर वेगळे पावसाळी वेळापत्रक असते आणि त्यात गाड्यांना जास्त वेळ दिलेला असतो. नेहमीचेच वेळापत्रक ठेवून नुसता 'पावसात गाडी हळू चालवा' असा नियम केला असता तर नियम पाळणारा प्रत्येक चालक रोज उशिरा पोचला असता, रोज खुलासे देत बसला असता, आणि चार-सहा आठवड्यांत 'आज एवढा काही पाऊस नाही' असे म्हणायला त्याचे मन तयार झाले असते. नियम पाळणे सोपे आणि मोडणे बिनफायद्याचे, अशी रचना वेळापत्रकाने केली. मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी त्या वाढीव वेळेबद्दल कुरकुरतात, ती कुरकुर स्वाभाविक असली तरी तो वेळ कशासाठी दिला आहे हे ठाऊक असावे.

तांडेलाला कोण सांगणार?

संरक्षणाचा एक थर असा आहे की त्याला पैसा लागत नाही, तरी तो सर्वांत दुबळा असतो. तो म्हणजे शेजारी उभा असलेला दुसरा माणूस. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. विमान फार उंचावरून, चुकीच्या पद्धतीने उतरत होते. प्रवासात बराच काळ झोपलेला कॅप्टन नुकताच जागा झालेला होता. चौकशीत आढळले की सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा म्हटले होते. त्याला धोका कळला होता, तो बोललाही. पण बोलण्यापलीकडे जाऊन त्याने स्वतः विमान वर नेले नाही.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ लोक मेले, त्या वेळीही एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी मोकळी आहे ना, अशी शंका काढली होती आणि ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली होती. या अपघातानंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना वेगळेच शिक्षण द्यायला सुरुवात केली. कनिष्ठाने शंका कशी बोलून दाखवायची, ती दुर्लक्षली गेली तर आवाज कसा चढवायचा, आणि वरिष्ठाने ती कशी ऐकून घ्यायची, हे विमान उडवण्याइतकेच कसून शिकवले जाऊ लागले.

आपल्याकडच्या बोटीवर हे चित्र मनासमोर आणावे. तांडेलाचा शब्द म्हणजे शब्द. रत्नागिरीच्या बोटींवर अनेक खलाशी नेपाळमधून आलेले असतात. त्यांना किनारा नवा, भाषा अर्धी कळणारी आणि मजुरी तांडेलाच्या मर्जीवर. पुढच्या नाळीवर उभ्या असलेल्या पोराला पाण्यात खडकाचा फेस दिसला, तरी 'तांडेलांना दिसलेच असेल' म्हणून तो गप्प राहण्याची शक्यता मोठी असते. याला उपाय त्या पोराला धीट होण्याचा उपदेश हा नव्हे. तांडेलाने बंदरातून निघतानाच सांगावे की काही दिसले तर ओरडायचे, चुकीचे निघाले तरी कोणी रागावणार नाही. आणि पहिल्यांदा कोणी उगाच ओरडला तेव्हा खरोखरच रागावू नये. मोठ्यांना उलट बोलू नये हा संस्कार घरात शोभतो, सुकाणूपाशी तो महाग पडतो.

'म्हणजे कोणालाच शिक्षा करायची नाही?'

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांना 'व्यवस्थेचा दोष' हे शब्द पळवाटेसारखे वाटले तर त्यात त्यांची चूक नाही.

उत्तर असे आहे की वागणुकीत भेद करावा लागतो. एक कसोटी सोपी आहे : तेच शिक्षण, तेवढाच अनुभव आणि तीच परिस्थिती असलेला दुसरा माणूस त्या जागी असता तर त्यानेही तेच केले असते का? उत्तर 'होय' असेल तर त्या माणसाला शिक्षा करून पुढचा माणूस सुधारणार नाही. दारू पिऊन घाटात गाडी चालवणारा, किंवा धोका माहीत असूनही इंटरलॉकला जंपर, म्हणजे त्याला वगळणारी वायर, टाकून तो निकामी करणारा, या कसोटीला उतरत नाही. तिथे शिक्षा हवीच. मात्र जंपर टाकल्याचे सुपरवायझरला ठाऊक होते आणि उत्पादन अडू नये म्हणून सर्वांनी डोळेझाक केली असेल, तर शिक्षेची पायरी वर चढली पाहिजे. आपल्याकडे ती बहुधा खालीच राहते.

घाईने ठरवलेला दोषी किती चुकीचा असू शकतो, हे १७ जून २०२४ ला उत्तर बंगालमध्ये रांगापानीजवळ दिसले. मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली आणि त्याच दिवशी रेल्वेच्या वरिष्ठांनी मालगाडीच्या चालकाने सिग्नल डावलल्याचे सांगितले. तो चालक त्या अपघातात मरण पावलेला होता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्राथमिक अहवालात दिसले की पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते, चालकांना दिलेल्या लेखी परवान्यावर वेग किती ठेवावा हे स्पष्ट नव्हते, आणि अशा वेळी काय करायचे याचे पुरेसे शिक्षण ना चालकांना होते ना स्टेशन मास्तरांना. हे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. चौकशी करणारा चौकशी होणाऱ्याच्या हाताखाली नसावा, यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

शिक्षेच्या भीतीचा आणखी एक तोटा होतो. थोडक्यात टळलेला अपघात, ज्याला कारखान्यात 'नियर मिस' म्हणतात, हा फुकट मिळालेला धडा असतो. पण सांगणाऱ्यालाच मेमो मिळणार असेल तर तो कोणी सांगत नाही. अमेरिकेने १९७६ पासून वैमानिकांकडून अशा प्रसंगांची माहिती गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा ती जबाबदारी परवाने रद्द करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिली. सांगणाऱ्याची ओळख पुसून टाकली जाते. म्हणून वैमानिक सांगतात.

'चेकलिस्ट म्हणजे भरायचा आणखी एक कागद'

हा आक्षेप अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली आणि दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केल्यावर झालेल्या अभ्यासात, १०१ रुग्णालयांत मिळून, लक्षणीय फरक दिसला नाही. वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या गेल्या असतील तर दुसरे काय होणार? यादीचा जोर कागदात नसून मोठ्याने वाचण्यात आणि दुसऱ्याने उत्तर देण्यात असतो. आपल्या रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना बोलून दाखवतात, ते यासाठीच. जपानमध्ये बोट दाखवून मोठ्याने उच्चार करण्याची हीच पद्धत १९९४ साली प्रयोगात तपासली गेली, तेव्हा दर १०० कृतींमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या.

'सरळ यंत्रांकडेच सोपवा ना'

जिथे सोपवता येते तिथे जरूर सोपवावे. वरचा इंटरलॉक हे त्याचेच उदाहरण आहे. परंतु लिझान बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ सालीच दाखवून दिले की यंत्र सोपे काम घेते आणि अवघड काम माणसासाठी शिल्लक ठेवते, तेही त्याचा सराव मोडल्यावर. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकवर असताना वेगमापकाच्या नळ्या गोठल्या, ऑटोपायलट सुटला आणि अचानक हाती आलेले विमान वैमानिकांना सावरता आले नाही. २२८ जण गेले.

'हे सगळे मोठ्यांना परवडते'

चार कामगारांच्या कारखान्याला आणि एका बोटीच्या मालकाला नासाची व्यवस्था उभारता येणार नाही हे उघड आहे. पण शेजारच्या दोन व्हॉल्व्हना वेगळे रंग द्यायला एक डबा रंग लागतो. दुरुस्ती चालू असताना स्विचला कुलूप लावून किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवायला एक कुलूप लागते. पाळी बदलताना गेटवर 'सगळे ठीक' म्हणून निघून न जाता दोघांनी मिळून यंत्रापाशी उभे राहून बोलायला दहा मिनिटे लागतात.

आणि एका गोष्टीला तर दोराखेरीज फारसे काहीच लागत नाही. बंद टाकीत, गटाराच्या मॅनहोलमध्ये किंवा सडकी मासळी राहिलेल्या बोटीच्या खणात विषारी वायू साचतो किंवा प्राणवायूच उरत नाही. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमातच अशा जागी उतरण्यापूर्वी आत धोकादायक वायू नसल्याचे जाणकाराचे लेखी प्रमाणपत्र, किंवा श्वसनयंत्र आणि दोर जोडलेला पट्टा यांची अट घातलेली होती. दोराचे दुसरे टोक धरून तोंडाशी एक माणूस उभा हवा, आणि आतला माणूस कोसळला तरी आपण आत उडी घ्यायची नाही, दोर ओढायचा आणि ओरडायचे, हे काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतलेले हवे. कारण सख्खा भाऊ आत पडलेला दिसला की त्या क्षणी नव्याने विचार करायला कोणाचेच डोके थाऱ्यावर राहत नाही.